आरतीवर शिजणारा भात

महिपतराव मोहिते नोकरीची सगळी वर्षं विजेच्या खांबांवर चढले आणि आयुष्यभर आरती म्हणत आले. या दोहोंपैकी अभिमान कशाचा जास्त, असं कोणी विचारलं तर ते त्या माणसाकडे खुळ्याकडे बघावं तसं बघत. खांब पोटासाठी होते. आरती त्यांची स्वतःची होती.

ग्वाल्हेरच्या वीज खात्यात ते लाइनमन होते. तेव्हा खिशात मोबाइल नव्हते. एका खांबावरून दुसऱ्या खांबावरच्या माणसाला ओरडूनच सांगावं लागे, की हात काढ रे बाबा, लाइन चालू होतेय. त्याला ऐकू गेलं नाही तर संपलंच. त्यामुळे आवाज असा तयार झाला की निवृत्तीनंतर थाटीपुरातल्या दोन खोल्यांत तो मावेना. शांताताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, चहा टाकू का विचारलं की "टाक" हे उत्तर कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही कळे आणि तो आपला दूध काढून ठेवी.

या आवाजाला वर्षातून एकदा पुरेशी जागा मिळायची. दौलतगंजात मराठी मंडळींचं एक जुनं गणेशमंडळ आहे. मागे अंगण, अंगणाला लागून स्वयंपाकघर आणि पुढे मोठा हॉल. कोणाचे पूर्वज दक्षिणेतून तलवार घेऊन आलेले, कोणाचे पळी-पंचपात्र नाहीतर लेखणी घेऊन आलेले. आता त्यांची पोरं बँकेत आहेत, दवाखान्यात आहेत, कोणी मोबाइल विकतं. गणपतीत एक दिवस मंडळाचा महाप्रसाद असतो, आणि त्या दिवशीची आरती महिपतरावांची. तिथे दुसऱ्या कोणाचं नाव निघत नसे.

बाहेरचा माणूस म्हणेल, आरती म्हणजे आरती, पंधरा मिनिटांत आटोपते. दौलतगंजात आटोपत नाही. गणपती, शंकर, देवी, दत्त, विठोबा हे सगळ्यांचे देव झाले. त्यांच्यानंतर एकेका घराचं कुलदैवत सुरू होतं. कोणाचा खंडोबा, कोणाची तुळजाभवानी, कोणाचा कोकणातला कुठला तरी ईश्वर, आणि सगळ्यांत शेवटी मंडळातले वडीलधारे जयसिंहराव यांचा जोतिबा. हसू येतं खरं, पण त्यामागे एक गोष्ट आहे आणि ती हसण्यासारखी नाही. या घरांना ग्वाल्हेरात इतक्या पिढ्या झाल्या की मूळ गाव कुठलं, घर कुठे होतं, हे आता कोणालाच सांगता येत नाही. बोलता बोलता अर्धं वाक्य हिंदीत जातं. गावाकडचं उरलंय ते एवढंच, देवाची एक आरती. ती आरतीही घरात कोणाला धड येत नाही. सगळ्यांच्या सगळ्या आरत्या येतात त्या एका महिपतरावांना. म्हणून त्या दिवशी प्रत्येक घर आपली पाळी यायची वाट बघत उभं असतं, आणि आली की म्हाताऱ्या बायका डोळ्यांना पदर लावतात. महिपतरावांना ते दिसत असे. मग ते शेवटचं कडवं पुन्हा एकदा घेत.

मंडळाची आणखी एक रीत होती. देवाला ताट वाढायचं नाही, पातेलंच्या पातेलं देवापुढे आणून ठेवायचं. छावणीत ताटं मांडायला सवड कुठली, म्हणून पूर्वजांनी अख्खं पातेलंच देवापुढे ठेवलं, अशी त्याची हकिगत सांगतात. खरं-खोटं देव जाणे. पण त्यामुळे मसालेभाताचं ते भलंमोठं पातेलं आरती सुरू होण्याआधी तयार लागे. चौघे जण ते उचलून हॉलमध्ये आणत, आणि भात गार होऊ नये म्हणून त्यावर झाकण, झाकणावर जाडजूड सतरंजी गुंडाळत. मग महिपतराव घसा साफ करत.

स्वयंपाकघर इंदुताईंच्या ताब्यात असे. इंदुताई शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई, आणि डाव हातात धरला तरी छडी धरल्यासारख्या धरत. आरती लांबू लागली की त्या दारात येऊन उभ्या राहत आणि लांबूनच डाव हलवत. महिपतराव डोळे मिटून घेत. हे दोघांचं भांडण इतकं जुनं होतं की लोकांना तेही कार्यक्रमाचा भाग वाटे.

आणि महाप्रसादाच्या दिवशी संध्याकाळपासून बऱ्याच घरांत पोटं बिघडत. याला मंडळात "प्रसाद लागला" म्हणत. कोणी म्हणे पुऱ्या जास्त झाल्या, कोणी म्हणे मठ्ठ्यावर पाणी प्यायलो, एकाने तर दृष्ट लागल्याचंही सांगितलं होतं. महिपतरावांचा मुलगा हेमेंद्र दुसऱ्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवी. पोट साफ होतं, देवाची कृपा, असं म्हणून लोक हसत आणि पुढच्या वर्षी पुन्हा मसालेभात रेटून खात. इतकी शिकलेली माणसं, पण कोणाला त्यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही.

त्या वर्षी मात्र हसण्यावारी न्यावं असं राहिलं नाही.

उकाडा भयंकर होता. त्यातून दोन जुनी घरं कितीतरी वर्षांनी मंडळात परत आली होती, आणि अर्थात आपापल्या आरत्या घेऊन आली होती. महिपतरावांना आनंद मावेना. एकेक आरती त्यांनी अशी रंगवून म्हटली की झांजा वाजवणाऱ्यांचे हात भरून आले. इंदुताई तीनदा दारात येऊन गेल्या. पंगत बसली तेव्हा दुपार कलली होती. सतरंजी काढली, झाकण काढलं. भात छान कोमट होता, वास नेहमीसारखा घमघमत होता. लोक तुटून पडले. महिपतरावांनी तेवढा भात घेतला नाही. इतका वेळ गायल्यावर मसाला घशाला लागतो, म्हणून ते त्या दिवशी पुरी आणि शिऱ्यावर भागवत.

संध्याकाळी घरी शांताताईंना पहिली उलटी झाली. त्यांचं तोंड पुसतायत तोवर हेमेंद्र मोरीकडे धावला. फोन वाजू लागला. इंदुताईंचा नातू अभिराम, मंडळातले तुकोजी, त्यांची सून. प्रत्येकाचं तेच. महिपतरावांनी कपाटातून जुलाब-उलट्या थांबवायच्या जुन्या गोळ्या शोधून काढल्या आणि शांताताईंच्या हातावर ठेवणार, तोच दारातून आवाज आला.

"बाबा, थांबा! काय करून राहिलात?"

सून गरिमा ड्यूटीवरून परतली होती. मुरार भागातल्या एका खाजगी इस्पितळात ती नर्स आहे. त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही म्हणून महाप्रसाद हुकला होता, त्यावरून सकाळी तिने तोंडही पाडलं होतं.

"अगं, थांबवायला नको का?" महिपतराव म्हणाले.

"आत जे गेलंय ना, ते बॉडी बाहेर फेकून राहिली आहे. फेकू द्या. गोळी डॉक्टर सांगतील तेव्हा. आधी पाणी. असली भीती उलटीची नाही बाबा, पाणी कमी व्हायची आहे."

तिने पर्स ठेवली, हात साबणाने धुतले आणि कामाला लागली. ओआरएसचं पाकीट फोडलं, उकळून गार केलेलं लिटरभर पाणी घेतलं आणि अख्खं पाकीट त्यात घातलं. महिपतरावांनी अर्धंच घालून अर्धं उद्याला ठेवू असं सुचवलं, तेव्हा तिने नुसतं बघितलं. मग चमचा घेऊन सासूबाईंजवळ बसली. एक चमचा, थोडं थांबायचं, पुन्हा एक चमचा. उलटी झाली तर दहाएक मिनिटं जाऊ द्यायची आणि पुन्हा चमच्यापासून सुरुवात. शांताताईंना तहान लागली होती, त्या तांब्याच मागत होत्या. "मम्मी, घटाघट प्याल तर सगळं वापस येईल," गरिमा म्हणाली आणि तांब्या उचलून लांब ठेवला.

फोन वाजतच होते. एकटी गरिमा कोणाकोणाला सांगणार? तिने फोन सासऱ्यांच्या हातात दिला आणि काय सांगायचं ते पढवलं. महिपतराव खुर्ची ओढून बसले आणि घराघरांत फोन लावू लागले. "पाकीट नाही? मग लिहून घे! एक लिटर पाणी, सहा छोटे चमचे साखर, चमचे सपाट, डोंगर नको! मीठ अर्धाच चमचा! अर्धा म्हणजे अर्धा!" त्या संध्याकाळी थाटीपुरातल्या ज्या घरांचा मंडळाशी काही संबंध नव्हता, त्यांनाही ओआरएस करता येऊ लागलं. शांताताईंना त्या अवस्थेतही हसू आलं. हसल्यामुळे पुन्हा उलटी झाली, पण ती शेवटची.

मग शालिनीताईंचा फोन आला. शालिनीताई म्हणजे जयसिंहरावांची सून. ती भराभर सांगू लागली. "काका, दादांनी दुपारपासून लघवीच नाही केली. जीभ एकदम सुकली आहे. आणि मला आत्याच्या नावाने हाक मारतायत."

महिपतरावांनी पढवलेलं सांगायला सुरुवात केली, पण गरिमाने फोन हिसकावून घेतला. "ताई, चमचा-बिमचा सोडा. दवाखान्यात घेऊन जा, अभी. एज जास्त आहे, लघवी नाही, बोलणं भ्रमल्यासारखं. घरी नाही ठेवायचं." पलीकडून गाडीची किल्ली शोधायला धावल्याचा आवाज आला.  

जयसिंहराव बचावले. सलाइन लागली आणि सकाळी ते उशीला टेकून बसले आणि चहात साखर कमी आहे म्हणून नर्सशी भांडले, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मंडळातली बाकीची माणसंही हळूहळू सावरली. मऊ खिचडी, ताक, केळी यांवर आली.

घरी त्याच रात्री आणखी एक किस्सा झाला होता. शांताताईंनी सुनेसाठी मसालेभाताचा डबा भरून आणला होता. महिपतराव म्हणाले, "चांगला खरपूस गरम करून घे, मग काय होतंय?" गरिमाने डबा उघडला, वास घेतला. वास सुंदर होता. "हाच तर प्रॉब्लेम आहे बाबा. आंबूस वास येत नाही, चव बदलत नाही. आणि विष एकदा तयार झालं की गरम करून जात नाही." ती डबा कचऱ्यात टाकायला निघाली तर महिपतराव आडवे आले. प्रसाद कचऱ्यात? शेवटी दोघांनी मिळून मागच्या लिंबाच्या झाडाखाली खड्डा केला, कुत्र्याला उकरता येऊ नये म्हणून वर वीट ठेवली, आणि महिपतरावांनी हात जोडले.

पुढच्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये सगळे जमले. आधी दोष तेलाला लागला, मग मठ्ठ्याला, मग टँकरच्या पाण्याला. गरिमा उभी राहिली आणि एवढंच विचारलं, की कोणी काय खाल्लं? मठ्ठा प्यायलेली पण भात न खाल्लेली माणसं ठणठणीत होती. पुरी-शिऱ्यावर राहिलेली पोरं उड्या मारत होती. भात खाल्लेल्यांपैकी मात्र कोणी सुटलं नव्हतं, आणि शेवटच्या पंगतीतल्यांना सगळ्यांत जास्त झालं होतं.

"भात मी स्वतः शिजवलाय," इंदुताई ताडकन म्हणाल्या. "दाणा न् दाणा शिजलेला होता. हात धुऊन, तांदूळ चार पाण्यांनी धुऊन."

"काकू, तुमची चूक नाही. तांदळावर काही जंतू असतात, ते बीसारखे होऊन झोपलेले असतात. उकळलं तरी ते बी मरत नाही. भात कडकडीत गरम असेल तर ते झोपलेलंच राहतं. फ्रिजमध्ये असेल तरी सुस्त राहतं. पण कोमट भात मिळाला ना, की जागं होतं आणि वाढायला लागतं. आपण तर वरून सतरंजी टाकून राहिलो होतो. कोंबडी अंड्यावर बसते तसं."

"पण भात कोमट व्हायला इतका वेळ ठेवलाच कशाला?" मंडळात नव्याने आलेल्या कोणी तरी भाबडेपणाने विचारलं.

 सगळ्यांच्या माना एका दिशेला वळल्या. इंदुताईंच्या हातात त्या दिवशी डाव नव्हता, त्या नुसत्या बघत होत्या, आणि ते महिपतरावांना जास्त लागलं.

महिपतराव उभे राहिले. "म्हणजे माझ्या आरतीने," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा पाठीमागच्या रांगेला ऐकू गेलं नाही.

मग ठराव झाला. पाचच आरत्या, सगळ्यांच्या देवांच्या. कुलदैवतं आपापल्या घरी. काही म्हणाले पातेल्याची रीतच बंद करा, काही म्हणाले केटररकडून प्रसादाच्या पुड्या आणा. महिपतरावांनी मान हलवली आणि चपला घालून निघाले.  घरी चहा हवा का, याला त्यांनी मानेनेच हो म्हटलं, तेव्हा शांताताईंना काळजी वाटली.

पुढच्या आठवड्यापासून एक गंमत सुरू झाली. ज्यांनी ठरावाला हात वर केले होते, ते एकेक करून थाटीपुरात येऊ लागले. तुकोजी आले, इकडचं तिकडचं बोलले आणि निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "बाकीच्यांचं ठीक आहे हो, पण आमचा खंडोबा तर राहील ना?" दुसऱ्या दिवशी एक वकीलसाहेब आले. ठरावाचं पहिलं वाक्य त्यांचंच होतं. "मतलब, नियम नियमच आहे," ते म्हणाले, "पण आई विचारून राहिली होती. तिला तेवढंच तर ऐकायचं असतं." प्रत्येकाला बाकी सगळ्यांच्या आरत्या लांबलचक वाटत होत्या.

शेवटी महिपतराव जयसिंहरावांना भेटायला गेले. माफी मागावी म्हणून गेले होते, पण म्हाताऱ्याने तोंड उघडू दिलं नाही.

"मेलो असतो तर काय, वय झालंच आहे," जयसिंहराव म्हणाले. "पण मला एक सांगा महिपतराव. आमच्या घरात ती आरती माझ्या वडिलांनंतर कोणाला आली नाही. मलाही नाही येत. मी नुसता तुमच्या मागून ओठ हलवतो. ती बंद झाली तर आम्ही कुठले, हे कोणाला कळणार? शालिनीला कळणार? तुम्ही काही तरी करा."

महिपतराव स्कूटरवरून घरी आले ते डोक्यात भुंगा घेऊनच. लोकांना आजारी पाडणारी आरती त्यांना नको होती. पण ती सोडणं म्हणजे इतक्या घरांचा दिवा मालवणं होतं, आणि मालवणारे आपण. दोन्ही गोष्टी त्यांना सहन होईनात. ओट्याशी शांताताई भात टाकत होत्या. महिपतराव स्टुलावर बसून गुणगुणू लागले. त्यांनी तुळजाभवानीची आरती घेतली, मग जोतिबाची. जोतिबाचं शेवटचं कडवं संपलं आणि शांताताईंनी झाकण उघडलं. भात झाला होता. वाफेने चष्मा धुरकटला.

महिपतराव ओरडले. झाकण शांताताईंच्या हातातून निसटता निसटता राहिलं.

"शांता! भाताने आरतीसाठी थांबायचंच कशाला? आरती चालू असताना शिजू दे की त्याला!"

इतकी सोपी गोष्ट. पण सोप्या गोष्टी सुचायला आधी माणसाचा अभिमान थोडा खाली उतरावा लागतो, आणि महिपतरावांचा तोपर्यंत उतरला नव्हता.

त्या दिवसापासून मोहित्यांच्या घरात भात आरतीवर शिजू लागला. महिपतराव स्वतः तांदूळ मोजायला, धुवायला, फोडणी करायला शिकले. तोवर त्यांना ओट्यावर मोहरी कुठली आणि काळे तीळ कुठले हेही कळत नव्हतं. एकदा रंगात येऊन त्यांनी शेवटचं कडवं तीनदा घेतलं आणि भात खाली लागला. शांताताईंनी करपलेली खरवड त्यांच्याच ताटात वाढली. त्यानंतर कडवं एकदाच. हेमेंद्र म्हणाला, "बाबा, यार, आता काही दिवस पोळी खाऊया ना," पण त्याचं कोण ऐकणार?

मग महिपतराव इंदुताईंकडे गेले. चहाच्या आधीच त्यांनी हात जोडले. "इंदुताई, या वर्षी आरती तुमच्या डावाबरहुकूम."

इंदुताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "डोळे मिटणार नाही?"

"उघडे ठेवीन."

"आणि कडवी?"

"एकदाच."

"मग बसा," इंदुताई म्हणाल्या, आणि दोघांनी मिळून हिशेब बसवला. दत्ताच्या आरतीला भाज्या धुऊन चिरून तयार. विठोबाच्या आरतीला फोडणी. खंडोबाला तांदूळ पडणार. भवानीला झाकण आणि मंद आच. जोतिबाची आरती सुरू होताच पातेलं चुलीवरून थेट देवापुढे, आणि ती संपताच पंगत. पातेल्याची रीत मोडत नव्हती, एकही घर गळत नव्हतं. सतरंजीला तेवढी सुट्टी मिळाली. मंडळाच्या बैठकीत जुना ठराव मागे घेताना, देवापुढे पातेलं शेवटी आणलं तर चालेल का, अशी शंका एकाने काढली. त्यावर जयसिंहराव म्हणाले, "आमच्या पूर्वजांनी देवाला गारढोण भात कधी घातला होता?" विषय तिथेच संपला.

पुढच्या गणपतीत महाप्रसादाच्या दिवशी गरिमाने आधीच रजा घेतली होती. तिने सकाळीच स्वयंपाकघराचा ताबा घेतला. ज्याला शिंका-खोकला, ज्याच्या बोटाला चिरलेलं, त्याला पत्रावळी मोजायला बसवलं. हात धुतल्याशिवाय कोणी पातेल्याजवळ फिरकायचं नाही, आणि कोशिंबीर पंगत बसेपर्यंत बर्फावर. इंदुताईंना कोणी हुकूम सोडलेला खपत नसे, पण या पोरीपुढे त्यांनी निमूट पदर खोचला.

आरती सुरू झाली. महिपतराव डोळे उघडे ठेवून म्हणत होते आणि ते त्यांना फार जड जात होतं. विठोबाला अंगणातून फोडणीचा चर्र आवाज आला आणि हॉलभर हिंग दरवळला. लोक एकमेकांकडे बघून हसू लागले. खंडोबाला इंदुताईंनी दारातून डाव वर केला, तांदूळ पडले. वकीलसाहेबांच्या आईची आरती आली. म्हातारीने नेहमीसारखा पदर डोळ्यांना लावला आणि महिपतरावांच्या ओठांवर ते शेवटचं कडवं पुन्हा आलं. तोंड उघडलंही होतं. दारात इंदुताई डाव घेऊन उभ्या होत्या, पण त्या डाव हलवत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या. महिपतरावांनी ते कडवं गिळलं आणि पुढची आरती घेतली.

जोतिबाचं नाव निघालं आणि चौघांनी पातेलं आणलं. हातांना फडकी गुंडाळलेली, चेहरे लालबुंद. झाकण काढताच वाफेचा असा लोट उठला की पहिल्या रांगेला गणपतीच दिसेना. जयसिंहराव काठी टेकून उभे होते, ओठ हलवत होते. त्यांच्या शेजारी शालिनीताई उभी होती आणि तिचेही ओठ हलत होते. महिपतरावांना ते दिसलं आणि तिचं ऐकू येतं का बघायला त्यांनी आपला आवाज जरा खाली आणला.

भात इतका गरम होता की लोक बोटं फुंकत फुंकत, हा-हू करत जेवले. शेवटच्या पंगतीसाठी दुसरं लहान पातेलं नव्याने चढवलं होतं. उरला तो भात गरिमाने लगेच परातींत पातळ पसरून निववला आणि ज्यांची घरं जवळ होती त्यांच्या फ्रिजमध्ये पाठवून दिला.

आता खरी परीक्षा होती संध्याकाळची. महिपतराव फोन मांडीवर घेऊन बसले. शेजारी ओआरएसची पाकिटं, उकळून गार केलेलं पाणी, सगळी तयारी. शांताताई आरामात टीव्ही बघत होत्या. हेमेंद्रने टाकलेली रजा फुकट जाणार म्हणून तो चुटपुटत होता. फोन काही वाजेना. महिपतरावांनी तो बंद तर पडला नाही ना, म्हणून दोनदा उघडून पाहिला. दिवेलागण झाली आणि तो वाजला. पडद्यावर जयसिंहरावांचं नाव.

महिपतरावांनी घाईने फोन कानाला लावला. "दादा? काय होतंय? लघवी झाली का? जीभ कशी आहे?"

"जीभ?" पलीकडून खणखणीत आवाज आला. "जिभेला काय झालंय? भूक लागली आहे. तो मसालेभात उरला असेल तर पाठवा."

 महिपतराव हसू लागले, हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. "उरलेला नाही पाठवत," ते म्हणाले. "तांदूळ धुऊन ठेवा दादा. मी येऊन राहिलोय."

थोड्या वेळाने दौलतगंजात जयसिंहरावांच्या ओट्याशी महिपतराव उभे होते. भात मंद आचेवर होता, म्हातारा पाटावर ताट घेऊन बसला होता, शालिनीताई दाराशी टेकून ऐकत होती, आणि जोतिबाची आरती चालली होती.

"जरा लवकर म्हणा हो," जयसिंहराव कुरकुरले. "पोटात कावळे ओरडतायत."

"लवकर म्हटली तर कच्चा राहील," महिपतराव म्हणाले, आणि पुढचं कडवं त्यांनी शालिनीताईला म्हणायला सांगितलं.